खेळणं चावताना तोंडाला लागलं तर? तुमचे प्रश्न

देवगडहून एक ताई विचारतायत: आमचा लॅब्राडोर कुत्रा दिवसभर करवंटी चावत बसतो. परवा वरच्या दाढेचा टवका उडालेला दिसला, पण जेवतोय नीट. थांबू का?

नको. जेवतोय म्हणजे दुखत नाही असं अजिबात नसतं, कुत्री दुसऱ्या बाजूने चावून मजेत जेवतात आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. कडक वस्तूने वरची मोठी दाढच जास्त करून फुटते. ओठ वर करून बघा, तुटलेल्या जागी मधोमध गुलाबी किंवा काळा ठिपका असेल तर नस उघडी पडलीय, तो दात आपोआप बरा होत नाही, रूट कॅनल करा नाहीतर काढा. तसाच ठेवला की मुळाशी पू होतो आणि डोळ्याखाली गाल सुजतो, मग लोक गांधीलमाशी चावली समजून चुना लावत बसतात! खेळणं घेताना अंगठ्याचं नख दाबून बघायचं, थोडं तरी रुतलं पाहिजे. करवंटी, हाड, शिंग, सगळी नापास. आणि सोडण (नारळाचं वरचं साल) दिलंत तर काथ्या गिळतो, तेही नको.

हर्णै: बीचवर सुरूची काठी फेकली, आणताना केकाटला, लाळेत थोडं रक्त आलं. आता ठीक वाटतोय.

मला याचीच जास्त काळजी वाटते. काठीचं एक टोक वाळूत रुततं, कुत्रा वेगात येतो आणि दुसरं टोक जिभेखाली नाहीतर घशात घुसतं. वरून जखम भरते पण आत ढलपी राहिली तर काही आठवड्यांनी मानेला गळू येतं, आणि लाकूड एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. आजच दाखवा, आणि डॉक्टरांना "काठी लागली" हे आवर्जून सांगा.

वेंगुर्ला: पंजाने तोंड ओरबाडतोय, लाळ गळतेय. हात घालून बघू?

बहुतेक वेळा टाळूला आडवा तुकडा अडकलेला असतो. पण तोंड मिटत नाही आणि लाळ गळते हे रेबीजमध्येही होतं, त्यामुळे लस चुकली असेल किंवा कुत्रा रस्त्यावरचा असेल तर उघडा हात घालायचा नाही म्हणजे नाही. तोंडातून तंगूस (मासे पकडायचा नायलॉनचा दोरा) लोंबत असेल तर गरी, म्हणजे मासे पकडायचा गळ, आत असणार. ओढू नका, कापूही नका, तशीच घेऊन जा. रश्शीच्या खेळण्याचे धागे गिळले असतील तरी हेच.

टेनिस बॉल चालतो का?

थोडा वेळ चालतो, पण त्याच्या लवेत वाळू अडकली की दात घासले जातात. घशात जाईल एवढा लहान नको, आणि एकच भोक असलेला पोकळ बॉल तर नकोच, त्यात जीभ ओढली जाऊन अडकते.

दुखत असेल तर घरातली क्रोसिन?

नाही. ब्रुफेनपण नाही.