सोनी आरएक्स१०० कॅमेऱ्याचा मार्क ५ए घ्यावा की मार्क ७? फोटो मुख्यतः घरात, कमी उजेडात काढायचे आहेत.

मार्क ५ए घ्या. दोन्हींचा सेन्सर एकाच मापाचा, १ इंची, आणि मेगापिक्सेलही २०.१च, त्यामुळे घरातल्या फोटोंचा निकाल लेन्सवरच लागतो. ५एची लेन्स २४-७० मिमी, एफ/१.८-२.८ आहे, ७ची २४-२०० मिमी, एफ/२.८-४.५. मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त. २४ मिमीला ५एमध्ये जवळपास अडीचपट उजेड आत येतो. म्हणजे रात्री दिव्याखाली पळणारं मूल टिपताना, शटरचा वेग तोच ठेवला, तर ७ला आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते; वाढवला की फोटो दाणेदार होतो) ४०००च्या आसपास न्यावा लागेल तिथे ५ए १६००वर भागवेल. केसांचे बारकावे आणि सावलीतले रंग पाहिलेत की हा फरक लगेच कळतो. लेन्सचे आकडे कंपनीच्या तपशीलपत्रकातले आहेत, बाकीचा साधा हिशोब. मात्र स्टेजवरचा कार्यक्रम किंवा पक्षी लांबून टिपायचे असतील, तर ७० मिमी तोकडं पडेल. तिथे ७च हवा. बाहेरचा माइक लावून व्हिडिओ करणार असाल तरीही तोच घ्या, कारण ५एला माइकचं सॉकेटच नाही. टचस्क्रीनही नाही.