परसात टर्फ कोर्ट: आधी पाया, मग गवत

पहिल्यांदाच करताय ना? मग कृत्रिम गवताचे नमुने चाळणं जरा थांबवा. कोर्ट बिघडतं ते खालून.

साधारण १५ सेंमी माती काढा, मुळं उपटा, जिओटेक्स्टाईल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरा. त्यावर १० ते १५ सेंमी खडी, पण एकदम ओतू नका. ५-७ सेंमीचा थर, थोडं पाणी, प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबायचं यंत्र), मग पुढचा थर. सगळी एकदम दाबली तर वरून घट्ट वाटते, आत मोकळीच राहते. पुढे खड्डे पडतात. वर बारीक कच (दगडाचा चुरा). उतार १ टक्का, म्हणजे १० मीटरला १० सेंमी. सरळ पट्टी फिरवून उंचसखलपणा आत्ताच काढा, गवत तो झाकत नाही.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- रोल उलटसुलट दिशेला पसरणं. दोन रंग दिसतात, चेंडूही वेगळा पळतो.
- लगेच कापणं. आधी काही तास उन्हात पसरू द्या, वळ्या बसतात.
- दोन रोलच्या जोडाखालच्या पट्टीवर ती ओली असताना गोंद लावणं. जोड उघडतो, त्यात पाय अडकतो.
- गवतात भरायची सिलिका वाळू ओली टाकणं. कोरडीच टाका, ३-४ थरांत, दरवेळी ब्रश मारून. किती, ते गवताच्या उंचीवर. उत्पादकाचा आकडा पाळा.

शॉकपॅड (गवताखालची मऊ गादी) आणि रेषांचं नंतर पाहू.