नोव्हेंबर लागला की लेक गप्प का होते?

प्रश्न: मुलगी स्टॉकहोमला असते, थंडी सुरू झाली की सारखी झोपते, फोनवर धड बोलत नाही, गोड मात्र सारखं खाते. आळस म्हणायचा का हा?

उत्तर: आळस नाही हो काकू, आणि तिला तसं म्हणूही नका. तिकडे डिसेंबरात दिवस जेमतेम ६ तासांचा, पुण्यात तेव्हाही ११ असतात, आणि सकाळचा उजेड मिळाला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं, झोप वाढते, मन बसतं, डॉक्टर याला सीझनल डिप्रेशन म्हणतात. यासाठी १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) लाइट मिळतो, सकाळी अर्धा तास समोर ठेवायचा, पण डॉक्टरांना विचारूनच. ढग असले तरी दुपारी बाहेर चालू दे तिला, घरातल्या ट्यूबपेक्षा तो उजेड कितीतरी जास्त. आणि जगावंसंच वाटत नाही असं म्हणाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायला सांगा.