राज्य बदललं, जुन्या केसचं काय?

प्रश्न: कॅलिफोर्नियात असताना एका किरकोळ केसमध्ये शिक्षा झाली होती, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी कोर्टाच्या अटींखाली काढायचा काळ) पूर्ण केलं. आता टेक्सासला राहतो, ग्रीन कार्ड आहे. रेकॉर्ड साफ करायला अर्ज इथेच करू का?

उत्तर: नाही हो, टेक्सासच्या कोर्टाचा यात संबंधच नाही, केस ज्या काउंटीत चालली तिथल्याच सुपीरियर कोर्टात अर्ज द्यायचा, फॉर्म सीआर-१८०, आणि किरकोळ गुन्ह्यात बऱ्याचदा वकीलच तुमच्या वतीने उभा राहतो म्हणजे विमानाचं तिकीट वाचलं. खरी गोम पुढेच आहे. यात रेकॉर्ड पुसला वगैरे जात नाही, केस डिसमिस झाल्याची नोंद होते एवढंच, आणि इमिग्रेशनवाले ती शिक्षा बहुतेक वेळा धरतातच! त्यामुळे सिटिझनशिपच्या फॉर्मवर लपवायला जाऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.