स्पूनरसाहेबांच्या नावावर खपलेली अदलाबदल

प्रश्नकर्त्याचे प्रश्न तीन आहेत. बोलता बोलता दोन शब्दांतल्या ध्वनींची अदलाबदल होते, तिला इंग्रजीत ‘स्पूनरिझम’ म्हणतात. या शब्दाचा ‘स्पून’शी, म्हणजे चमच्याशी, काही संबंध आहे का? ‘बटरफ्लाय’ हा शब्द मुळात ‘फ्लटरबाय’ होता आणि स्पूनरिझममुळे उलटला, हे खरे का? आणि या प्रकाराला मराठीत ‘वर्णविपर्यय’ म्हणता येईल का?

उत्तराआधी एक तक्रार नोंदवतो. हल्ली कोणाचीही जीभ कुठेही घसरली की तिला सरसकट स्पूनरिझम म्हणण्याची पद्धत पडली आहे. वक्त्याने एका पुढाऱ्याऐवजी दुसऱ्याचे नाव घेतले तरी स्पूनरिझम, आणि कोणी भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरला तरी स्पूनरिझमच. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र नाव आहे. शेरिडनच्या १७७५ सालच्या ‘द रायव्हल्स’ नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप बाई नाईलकाठच्या ‘अ‍ॅलिगेटर’ला, म्हणजे मगरीला, ‘अ‍ॅलिगरी’ म्हणजे रूपककथा म्हणतात, ते मॅलाप्रॉपिझम. स्पूनरिझमची अट कडक आहे. जवळजवळच्या दोन शब्दांतल्या ध्वनींनी एकमेकांच्या जागा घ्यायला हव्यात, एवढेच आणि नेमके एवढेच.

आता चमचा. हा शब्द विल्यम आर्चिबाल्ड स्पूनर (१८४४–१९३०) या गृहस्थांच्या आडनावावरून आला, हे कोणताही कोश सांगेल आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. खरी मौज त्याच्या पुढे आहे. ‘स्पूनर’ हे कारागिरीवरून पडलेले आडनाव, आपल्याकडच्या सुतार-लोहारांसारखे. पण तो कारागीर चमचेच करत असे असे नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्पोन’ म्हणजे लाकडाची ढलपी. छपरावर लाकडी फळकुटे बसवणारा तोही स्पूनर आणि लाकडाचे चमचे कोरणारा तोही स्पूनर. ढलपीचा चमचा झाला तो नंतर. आणि या ढलपीचे एक भावंड आपण रोज ऐकतो. ‘स्पिक अँड स्पॅन’, म्हणजे लख्ख चकचकीत, या जोडीतला ‘स्पॅन’ हा ‘स्पॅन-न्यू’मधला असून तो उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, ‘स्पान-न्यूर’ म्हणजे नुकत्याच तासलेल्या ढलपीसारखे कोरे. म्हणजे जेवणातला चमचा, चकचकीत घर आणि जिभेची गफलत या तिघांचे मूळ एकाच सुताराच्या पायाशी पडलेले आहे. प्रश्नकर्त्याने ‘काही संबंध आहे का’ असे भीत भीत विचारले होते. संबंध आहे, आणि अपेक्षेपेक्षा बराच जवळचा आहे.

खुद्द स्पूनर हे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात आयुष्य काढलेले धर्मोपदेशक आणि अध्यापक. १९०३ ते १९२४ या काळात ते त्या कॉलेजचे प्रमुख, म्हणजे वॉर्डन, होते. जन्मतःच अंगात रंगद्रव्य नसल्यामुळे केस पांढरेशुभ्र, दृष्टी अधू, बोलणे सौम्य. त्यांच्या तोंडी घातलेले सर्वांत प्रसिद्ध वाक्य एका आळशी विद्यार्थ्याला उद्देशून आहे. ‘यू हॅव मिस्ड माय हिस्टरी लेक्चर्स’ म्हणायचे होते, ते ‘हिस्ड माय मिस्टरी लेक्चर्स’ झाले. सबंध ‘टर्म’ वाया घालवली म्हणायचे, तिथे सबंध ‘वर्म’ म्हणजे किडा चाखला असे निघाले. आणि ‘डाउन ट्रेन’ने चालता हो म्हणायचे, तर ‘टाउन ड्रेन’ने म्हणजे गावच्या गटारातून चालता हो असे झाले. हे वाक्य स्पूनरांनी उच्चारले यावर आजही माणसे छातीठोकपणे बोलतात. एका दमात तीन अदलाबदली व्हाव्यात, तिन्हींतून अर्थपूर्ण शब्द निघावेत आणि शेवटच्या गटारापर्यंत विनोद चढत जावा, ही जीभ घसरल्याची लक्षणे नव्हेत. हे वसतिगृहाच्या खोलीत बसून, हसत हसत, दोन-तीन डोक्यांनी मिळून रचलेले आहे.

मग स्पूनरांचे स्वतःचे काय? ऑक्सफर्डच्या अवतरणकोशाने १९७९ च्या तिसऱ्या आवृत्तीत एकच वाक्य खात्रीचे मानले. ‘द रेट ऑफ वेजेस’, म्हणजे मजुरीचा दर, याऐवजी ते ‘द वेट ऑफ रेजेस’, म्हणजे संतापांचे वजन, मालकावर दाबून बसेल असे म्हणाले. दुसरे उदाहरण प्रार्थनामंदिरातले. १८७९ साली एका स्तोत्राची पहिली ओळ, ‘काँकरिंग किंग्ज देअर टायटल्स टेक’, सांगताना त्यांनी ‘किंकरिंग काँग्ज’ असे म्हटले, आणि म्हातारपणी त्यांनी एवढेच एक आपले म्हणून कबूल केले, असे सांगतात.

ही दोन उदाहरणे नीट कानाशी धरून पाहावीत. ‘रेट’ आणि ‘वेजेस’ या दोन्ही शब्दांत पहिल्या व्यंजनानंतर एकच स्वर आहे, लांब ‘ए’. शिवाय इंग्रजीतले ‘र’ आणि ‘व’ हे ओठ-जिभेच्या दृष्टीने इतके शेजारी आहेत की इंग्रज मुले ‘रॅबिट’ला सर्रास ‘वॅबिट’ म्हणतात. दुसऱ्या उदाहरणात व्यंजने हललेलीच नाहीत. दोन्ही शब्द ‘क’ने सुरू होतात, दोन्हींत लगेच अनुनासिक येते, आणि मधले दोन स्वर तेवढे एकमेकांच्या घरात गेले आहेत. म्हणजे दोन्ही वेळा जिभेला चकवणारी जुळी परिस्थिती शेजारीशेजारी उभी होती. खरी घसरण बहुधा अशाच ठिकाणी होते, कारण आजूबाजूचे सारखे असले की मेंदूने मांडलेल्या दोन जागांमधला फरक पुसट होतो. आता राणी व्हिक्टोरियाच्या नावाने पेला उंचावताना ‘डियर ओल्ड क्वीन’चे ‘क्विअर ओल्ड डीन’ झाले, ही गोष्ट घ्या. ‘ड’ आणि ‘क्व’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, मधे ‘ओल्ड’ आडवा, आणि फळ मात्र दोन्हीकडे पिकलेले: विक्षिप्त म्हातारा डीन! माझ्या मते हे रचलेले आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘हिस्ड माय मिस्टरी’ एवढाच तुकडा सुटा आला असता तर तो माझ्या कसोटीला उतरला असता, कारण ‘मिस्ड’ आणि ‘हिस्टरी’ यांतही ‘इस्’ समान आहे. किडा आणि गटार मागोमाग आले म्हणून तोही संशयात सापडला.

स्पूनर ध्वनींपेक्षा माणसांची आणि गोष्टींची गल्लत करत, असे मानायला जागा आहे. एका नव्या फेलोला, म्हणजे कॉलेजच्या अध्यापक-सदस्याला, त्यांनी ‘आमच्या नव्या पुराणवस्तुशास्त्राच्या फेलोला, कॅसनला, भेटायला चहाला या’ असे निमंत्रण दिले. ‘पण मीच कॅसन’ असे उत्तर येताच ते म्हणाले, ‘हरकत नाही, तरीही या.’ हा किस्सा खरा असो वा खोटा, त्यात ध्वनींची अदलाबदल मुळीच नाही. तरीही स्पूनरिझमच्या संग्रहांत तो डोळे मिटून छापला जातो.

मुळात हा खेळ स्पूनरांपेक्षा फार जुना आहे आणि त्याला त्यांचे नाव मिळाले हा माझ्या मते इंग्रजीवरचा एक लहानसा अन्याय आहे. हेन्री पीचम या लेखकाने १६२२ साली नोंदवले आहे की एक खिन्न गृहस्थ भरल्या पंगतीतून एकदम उठले आणि ‘आय मस्ट गो बाय अ डॅगर’ म्हणजे ‘मला खंजीर विकत घ्यायला हवा’ असे म्हणण्याऐवजी ‘आय मस्ट गो डाय अ बेगर’ म्हणजे ‘मला भिकारी होऊन मरायला हवे’ असे बोलून गेले. फ्रेंचांकडे तर याच युक्तीची जुनी आणि बरीचशी चावट परंपरा आहे. राब्ले या लेखकाने १५३२ च्या सुमारास चर्चमधल्या वेड्या बाईवरून जो विनोद केला आहे, तो इथे मराठीत उलगडण्यासारखा नाही. आणि लंडनमध्ये १८६० च्या सुमारास, म्हणजे स्पूनर शाळकरी वयात असताना, गॉवर स्ट्रीटवरच्या महाविद्यालयातले वैद्यकीचे विद्यार्थी आपापसांत अशी उलटी भाषाच बोलत. ‘स्मोक अ पाइप’ म्हणायचे असेल तर ‘पोक अ स्माइप’. त्या बोलीला ‘मेडिकल ग्रीक’ म्हणत, आणि अशा एकेका उलटापालटीला ‘मॅरोस्की’. हा शब्द कोणा पोलिश सरदाराच्या नावावरून आला असे सांगतात, पण त्या सरदाराचा पत्ता कोशकारांना खात्रीने लागलेला नाही. माझे मत विचाराल तर नाव ‘मॅरोस्की’च टिकायला हवे होते. लंडनच्या मुलांनी खेळ चालवला आणि नाव ऑक्सफर्डला गेले, याचे कारण भाषाशास्त्रीय नसून ऑक्सफर्डच्या मुलांचे किस्से विनोदी साप्ताहिकांपर्यंत लवकर पोहोचत, हे आहे. कोशकार हे कधी मान्य करणार नाहीत, कारण त्यांतले बरेचसे ऑक्सफर्डचेच.

‘फ्लटरबाय’चा निकाल एका ओळीत लागतो. जुन्या इंग्रजीत ‘बुटरफ्लेओगे’ हा शब्द मिळतो. त्यात ‘बटर’, म्हणजे लोणी, आधीपासून आहे. लोण्याचा फुलपाखराशी संबंध का, यावर वाद घालायला जागा आहे, पण ‘फ्लटरबाय’ हा नंतरचा विनोद आहे. तरीही शाळेच्या कार्यक्रमात तो व्युत्पत्ती म्हणून सांगितला जातो आणि टाळ्या घेतो.

या चुकांचा गंभीर अभ्यास व्हिएन्नात रुडॉल्फ मेरिंगर यांनी कार्ल मायर यांच्यासह १८९५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. शब्दाच्या आरंभीचा ध्वनी दुसऱ्या शब्दाच्या आरंभाशीच जागा बदलतो, आरंभाचा शेवटाशी सहसा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले होते. पुढे १९०१ मध्ये फ्रॉइड यांनी त्यांचीच उदाहरणे उचलली आणि ध्वनींचे आकर्षण दुय्यम ठरवून प्रत्येक घसरणीमागे दडपलेली इच्छा शोधायला सुरुवात केली. मेरिंगर चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. ‘वेट ऑफ रेजेस’मध्ये स्पूनरांचा कोणता दडपलेला संताप होता, ते फ्रॉइडपंथीयांनी सांगावे. मॉटली आणि बार्स या अमेरिकन संशोधकांनी विजेच्या धक्क्याची भीती घातलेल्या लोकांना शब्दजोड्या वाचायला लावल्या, तेव्हा ‘शॅड बॉक’चे ‘बॅड शॉक’, म्हणजे वाईट धक्का, अधिक वेळा झाले, हे मी नाकारत नाही. पण तिथेही आधी ध्वनींची जुळणी होती. भीतीने फक्त धक्का दिला.

या विषयातला माझा सर्वांत आवडता नमुना भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांच्या १९७१ च्या लेखात आहे. बोलणाऱ्याला ‘अ‍ॅन ईटिंग मॅरॅथॉन’ म्हणायचे होते. तोंडातून आले ‘अ मीटिंग ॲरॅथॉन’. ‘म’ने पुढच्या शब्दातून उडी मारली, हे सर्वांना दिसते. पण त्यापाठोपाठ ‘अ‍ॅन’चा ‘अ’ झाला! ‘ईटिंग’ला स्वराचा आरंभ होता म्हणून ‘अ‍ॅन’ हवा होता. ‘मीटिंग’ व्यंजनाने सुरू होतो म्हणून ‘अ’ लागला. चूक करतानाही बोलणाऱ्याच्या तोंडाने व्याकरण चुकू दिले नाही. म्हणजे ध्वनींची अदलाबदल आधी होते आणि उपपदाचा निर्णय नंतर, एवढी मोठी गोष्ट त्या एका गळलेल्या ‘न’मधून कळते.

आणि अशी पुरी अदलाबदल दुर्मीळच. पुढचा ध्वनी आधी येऊन बसतो, हे अधिक वेळा घडते. २०१० च्या डिसेंबरात बीबीसी रेडिओच्या सकाळच्या कार्यक्रमात निवेदक जेम्स नॉटी यांनी ‘जेरेमी हंट, कल्चर सेक्रेटरी’, म्हणजे सांस्कृतिक मंत्री, असे म्हणताना आडनावात पुढच्या ‘कल्चर’चा ‘क’ आधीच आणून बसवला आणि जे निघाले ते कोणत्याही घरात चालणारे नव्हते. सगळ्यांनी त्याला स्पूनरिझम म्हटले. पण ‘ह’ पुढे कुठेही गेला नाही, ‘हल्चर’ असे काही ऐकू आले नाही. अदलाबदल झालीच नाही, तर स्पूनरिझम कसला?

राहिला वर्णविपर्यय. ही संज्ञा आपल्याकडे जुनी आहे आणि तिचे काम निराळे आहे. ती एका शब्दाच्या आत घडते आणि पिढ्यानपिढ्या टिकून भाषा होऊन बसते. इंग्रजीत ‘ब्रिड’चा ‘बर्ड’ झाला आणि ‘वॅप्स’चा ‘वॉस्प’, तो वर्णविपर्यय. आपल्याकडचे उदाहरण तर घरातलेच आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात ‘महाराष्ट्रे हरोः’ असे सूत्र आहे: ‘महाराष्ट्र’ शब्दातल्या ‘ह’ आणि ‘र’ यांनी जागा बदलल्या की ‘मरहट्ठ’ होते, आणि त्यातून पुढे ‘मराठा’ आणि ‘मराठी’. त्याच्या लगतच्याच सूत्रात ‘अचलपूर’चे ‘अलचपूर’ सांगितले आहे, ज्याला इंग्रजांच्या कागदपत्रांत एलिचपूर म्हणत. हे कोणाची जीभ घसरून संध्याकाळपर्यंत विसरले जाणारे प्रकार नव्हेत.

तेव्हा एका शब्दातली कायमची उलटापालट म्हणजे वर्णविपर्यय आणि दोन शब्दांमधली क्षणिक अदलाबदल म्हणजे स्पूनरिझम, अशी सरळ वाटणी करावी. काही सदरलेखक दोन्हींना एकच नाव देऊन मोकळे होतात आणि विचारले तर ‘शेवटी वर्णच उलटतात ना’ असे म्हणतात. त्यांच्या हिशेबाने घर बदलणे आणि खुर्ची बदलणे हेही एकच. मराठीत लिहिताना ‘स्पूनरिझम’ हाच शब्द ठेवायला माझी हरकत नाही. प्रतिशब्द हवाच असेल तर ‘आद्यध्वनींची अदलाबदल’ असे साधे लिहावे, फक्त ‘किंकरिंग काँग्ज’मध्ये अदलाबदल आद्यध्वनींची नसून स्वरांची आहे, हे तेवढे लक्षात ठेवावे.