जवळ दाखवलं म्हणजे कमी केलं का?

"मॅडम, मुंबईला वेळेत नेलं असतं तर लेकरू एव्हाना चाललं असतं का?" मराठवाड्यातून येणाऱ्या पालकांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं.

डाउन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त असल्यानं मुलाची वाढ सावकाश होते) असलेल्या दोन वर्षांच्या मुलीची आई पहिल्यांदा एकटीच आली होती. मुंबईच्या जेनेटिक (आनुवंशिक आजारांच्या) ओपीडीच्या दोन खेपा झालेल्या. एकदा तर नंबरच लागला नाही. दोन्ही वेळा मजुरी बुडाली. मूल सगळ्या घराचं असतं, म्हणून मी एकट्या आईवर काम सोपवत नाही. हा माझा जुना आग्रह. पुढच्या वेळी नवरा आणि सासूबाईही आल्या.

मी विचारलं, "जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी मोफत मिळते. तिथं का नेत नाही?"

बराच वेळ ती पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "इथं दाखवलं की वाटतं, पोरीच्या जिवावर पैसे वाचवले."

नवऱ्यानं मान वर केली. "मला वाटायचं तुला इथलं पटत नाही. म्हणून व्याजानं पैसे काढत होतो."

सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं. "बसवायचं कसं ते मला दाखवा. रोज मी करीन."

माया किती, हे हे घर किलोमीटरवर मोजत होतं. तेव्हापासून प्रत्येक घराला मी आधी विचारते, "जवळ दाखवलं तर मनाला काय लागतं?" गाठ बहुतेकदा तिथंच सुटते.

मोठं केंद्र लागतंच: कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, अर्थ समजून घ्यायला, पुढच्या गरोदरपणाचा सल्ला घ्यायला, हृदयाची शस्त्रक्रिया लागली तर. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, त्यामुळे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चुकवू नका. थायरॉइड, कान आणि डोळ्यांची तपासणी मात्र ठरावीक काळानं जवळच करता येते.

रोजच्या थेरपीसाठी 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र गाठा. नाव अवघड वाटलं तर जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' विचारा, किंवा अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकाकडून चिठ्ठी घ्या. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्जही लगेच करा. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीच्या निरामय विम्यात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही धरतात. हे पालकांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

ते कुटुंब नंतर मुंबईला गेलं, ते तारीख घेऊन. प्रश्नांचा कागद वडिलांनी लिहिला होता. पहिला प्रश्न थायरॉइडचा, दुसरा पुढच्या बाळाचा. तिसरा आजीचा होता: आधार न घेता ती आता बसते, पुढं काय शिकवू?