विकिपीडियावर माझी बरोबर असलेली दुरुस्ती का उडवली जाते? हे ठरवणारे लोक कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांवर विकिपीडियात लेख आहे, त्यातलं जन्मवर्ष चुकलंय, तुम्ही दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा तासाभरात कुणीतरी जुनं वर्ष परत आणलं. कारण म्हणून नुसतं 'संदर्भ नाही'. घरच्या माणसाला माहीत नसेल तर कुणाला असणार, आणि या लोकांना हा अधिकार दिला कुणी, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं विकिपीडियावर संपादन करतोय. तुमच्यासारख्यांच्या दुरुस्त्या मीही उडवल्यात. त्यामुळे हे उत्तर आरोपीच्या पिंजऱ्यातून आलंय असं समजा.

अधिकाराचं आधी सांगतो. तो कुणी दिलेला नाही. ज्याने तुमचं संपादन उलटवलं त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्तीचं एकही बटण नसेल, अशीच शक्यता जास्त. लेखाच्या वर 'इतिहास' म्हणून दुवा असतो, तो उघडा. प्रत्येक बदलापुढे सदस्याचं नाव किंवा तात्पुरती ओळख, वेळ आणि मजकूर किती बाइटनी वाढला-घटला ते दिसतं. तुम्ही जसं बदललं तसंच त्यानेही बदललं, इतकंच. प्रचालक नावाची एक पायरी आहे खरी, पण प्रचालक म्हणजे किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा सदस्य: पान कुलूपबंद करणं, हटवणं, उत्पात करणाऱ्याला अडवणं ही त्याची कामं. कोणतं वर्ष बरोबर, या प्रश्नावर त्याच्या शब्दाला तुमच्या शब्दाहून जास्त वजन नाही. निदान नियमात नाही. व्यवहारात थोडं असतं, कारण त्याला नियमांची पानं तोंडपाठ असतात आणि तुम्हाला ती आहेत हेच माहीत नसतं.

त्याहून वर कोण? विकिमीडिया फाउंडेशन ही संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. ती सर्व्हर चालवते, देणग्या गोळा करते, कायदेशीर बाजू सांभाळते. लेखात काय असावं हे ती ठरवत नाही. २०१७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने डेली मेल हे वृत्तपत्र सर्वसाधारणपणे अविश्वसनीय ठरवून संदर्भ म्हणून जवळपास बंद केलं, तेव्हा जगभर बातम्या झाल्या. तो निर्णयसुद्धा फाउंडेशनचा नव्हता. स्वयंसेवकांनी एका चर्चा पानावर महिनाभर वाद घातला आणि शेवटी काही सदस्यांनी तो वाद वाचून निष्कर्ष लिहिला. मतं मोजून नव्हे. कुणाच्या म्हणण्याला काय आधार आहे ते तोलून. याला 'सहमती' म्हणतात. हा शब्द जितका गोड वाटतो तितकी ती प्रक्रिया गोड नसते. चावडीवरचे वाद एकदा वाचून पाहा. (चावडी हे मराठी विकिपीडियावरच्या सामाईक चर्चेच्या पानाचं नाव आहे, आणि ते अगदी चपखल आहे.)

मुख्य संपादक ही खुर्चीच इथे नाही. आधी करून पाहिली होती. २००० साली जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला. त्यात तज्ज्ञ लिहीत आणि प्रत्येक लेख तपासणीच्या सात पायऱ्या चढून मग प्रसिद्ध होई. लेख इतक्या सावकाश येत की त्याला पूरक म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला आणि पूरकानेच मूळ प्रकल्प गिळला. तज्ज्ञ गेले, तपासणी गेली, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली जिची उणीव नंतर कळली: 'हे अमक्यांचे नातू आहेत, मी यांना ओळखतो, यांचं खरं धरा' असं म्हणणारा माणूस.

तुम्ही नातू आहात यावर माझा विश्वास आहे. पण विकिपीडियाच्या दृष्टीने तुम्ही एक सदस्यनाव आहात. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावरचा एक मातब्बर सदस्य, धर्मशास्त्राचा डॉक्टरेट मिळवलेला प्राध्यापक म्हणवणारा, प्रत्यक्षात चोविशीतला तरुण निघाला. तशी कसलीही पदवी त्याच्याकडे नव्हती. त्या पदवीचा धाक तो वादांमध्ये घालत आला होता. आणि त्याच्या आधी, २००५ मध्ये, जॉन सिगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी गंमत म्हणून घुसडलं की केनेडी बंधूंच्या हत्येत यांचा हात असल्याचा संशय होता. ते वाक्य सुमारे चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं, कडक धोरण आलं. अशा प्रत्येक फजितीनंतर समूहाने एकच धडा घेतला: माणूस कोण आहे हे विचारू नका, ते कुठे छापलंय ते विचारा. रिकाम्या खुर्चीवर छापील संदर्भाला बसवलं, असं म्हणा ना.

यातून तुमच्यासारख्यांची जी गंमत होते ती मोठमोठ्यांचीही झाली आहे. २०१२ मध्ये अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना दिसलं की त्यांच्याच एका कादंबरीच्या लेखात तिची प्रेरणा चुकीच्या माणसाशी जोडली आहे. कादंबरी त्यांची, प्रेरणा त्यांच्या डोक्यातली. त्यांच्या वतीने दुरुस्ती करायला गेल्यावर उत्तर आलं की स्वतःच्या कृतीबद्दल लेखकाचा शब्द मोठा हे मान्य, पण आम्हाला दुय्यम, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी छापलेले स्रोत लागतात. रॉथ यांनी न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर विकिपीडियाला उद्देशून लांबलचक अनावृत पत्र प्रसिद्ध केलं. आणि ते प्रसिद्ध झाल्यामुळे आता उद्धृत करता येण्याजोगं झालं! लोक हा किस्सा विकिपीडियाच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगतात. मला त्यात मूर्खपणा पूर्ण दिसत नाही. पत्र छापलं गेल्यावर ते खरोखर रॉथ यांचंच आहे याची जबाबदारी एका साप्ताहिकाने घेतली. त्याआधी ते कुणाही अनोळखी माणसाचं म्हणणं होतं.

पण छापलंय म्हणजे खरं, हा समज किती पोकळ आहे ते मी स्वतःच्याच हाताने सिद्ध करून ठेवलंय. तेही सांगतो.

सुरुवातीच्या दिवसांत मी एका जुन्या नटावर लेख लिहिला. चरित्रकोश मांडीवर, रात्रीचे बारा वाजून गेलेले. कोशात जन्मवर्ष १८९६. मी टंकलं १८६९. घाईत संदर्भही टाकला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच. काही वर्षांनी एका नव्या सदस्याने ते १८९६ केलं, आणि मी ते उलटवलं. होय, मीच. दरम्यान कुणीतरी १८६९ पुढे एका वृत्तपत्रातल्या लेखाचा संदर्भ जोडला होता, आणि एका बाजूला छापील संदर्भ, दुसऱ्या बाजूला बिनसंदर्भाचा बदल, असा मी सरळ हिशेब केला. बदलाचं कारण लिहायच्या, सारांशाच्या चौकटीत मीही लिहिलं, 'संदर्भ नाही'.

तो सदस्य भांडला नाही. चर्चा पानावर त्याने एकच ओळ टाकली: 'लेखात लिहिलंय की हे १९०६ मध्ये बालनट म्हणून रंगमंचावर आले. सदतीसाव्या वर्षी?'

मग मी इतिहास उकरायला बसलो. जुन्या आवृत्त्यांमधला फरक दोन रकान्यांत दिसतो, डावीकडे आधीचं, उजवीकडे नंतरचं. एकेक करत मागे जात गेलो आणि अगदी तळाशी, १८६९ आणणाऱ्या आवृत्तीवर, माझंच सदस्यनाव. वृत्तपत्रातला लेख त्यानंतर दोन वर्षांनी आलेला. त्यात फक्त वर्षच नाही, माझं एक अवघडलेलं वाक्यही शब्दशः होतं. माझीच चूक छापून येऊन माझ्याकडे पुरावा म्हणून परत आली होती आणि मी तिला सलाम ठोकला होता.

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की इंग्रजीत त्याला 'सायटोजेनेसिस' असं थट्टेचं नाव पडलंय. कोआटी नावाच्या प्राण्याच्या लेखात २००८ मध्ये एका विद्यार्थ्याने मजेत लिहिलं की याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. कोणी म्हणत नव्हतं. काही वर्षांत वृत्तपत्रं म्हणू लागली, आणि मग वृत्तपत्रंच लेखात संदर्भ म्हणून आली. तेव्हापासून मी संदर्भ पाहताना आधी त्याची तारीख पाहतो. लेखातलं विधान त्याच्याहून जुनं असेल तर तो संदर्भ माझ्या लेखी संशयित.

उलट बाजूनेही हा नियम चुकतो. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरच्या लेखाचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेसे स्वतंत्र संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं आणि लेख त्याच दिवशी झाला. नाकारणाऱ्याने नियम पाळलाच होता. ज्यांच्याबद्दल जगाने छापलंच नाही, त्यांच्याबद्दल विकिपीडियालाही काही म्हणता येत नाही. आणि कुणाबद्दल छापलं जातं आणि कुणाबद्दल नाही, हे काही गुणवत्तेवर ठरत नाही. या खड्ड्याला माझ्याकडे उत्तर नाही. मौखिक परंपरेतल्या गोष्टी, लहान भाषांमधले विषय, सगळे याच खड्ड्यात पडतात.

तरी मला विचाराल तर संदर्भाच्या अतिरेकापेक्षा माणसांच्या तुटवड्याची भीती जास्त वाटते. ही सगळी व्यवस्था भरपूर डोळे आहेत असं गृहीत धरून उभी आहे. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका छोट्या गटाने जवळपास दशकभर इतिहास आपल्याला हवा तसा वाकवला. विरोध करणाऱ्यांना अडवण्याच्या किल्ल्याही त्यांच्याच हातात होत्या. २०२१ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल आला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर कुणी दुष्टही नव्हतं. एका अमेरिकन किशोराने, भाषा येत नसताना, इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग वाकवून हजारो लेख लिहिले आणि २०२० पर्यंत त्यावर मोठी ओरड झाली नाही, कारण बघणारं जवळपास कुणी नव्हतंच. तुमची दुरुस्ती तासाभरात उलटली याचा तुम्हाला राग आलाय. मला त्यात एक चांगली खूण दिसते: त्या लेखावर कुणाचं तरी लक्ष आहे.

त्याचं वागणं मात्र मला पटलेलं नाही. दोन शब्दांत उडवून मोकळं होणं हा आमच्या लोकांचा जुना रोग आहे. नव्या माणसावर वसकन ओरडू नये असा लेखी संकेत आहे, आणि तो सगळ्यात कमी पाळला जाणाऱ्यांपैकी एक. पहिल्या उलटवणीनंतर तुमच्या चर्चा पानावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर हा प्रश्न तुम्हाला इथे विचारावा लागला नसता.

आता करायचं काय. तिसऱ्यांदा बदलू नका. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याला अडवतात, मग तो बरोबर का असेना, आणि बाकी ठिकाणीही हे चांगलं दिसत नाही. त्याऐवजी आधी एक पाहा: सध्या लेखात जे चुकीचं वर्ष आहे त्याला तरी संदर्भ आहे का? ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. सिद्ध करण्याचा भार मजकूर ठेवणाऱ्यावर असतो. त्या वर्षालाही आधार नसेल तर तुमच्याकडे मागितलेलाच संदर्भ तुम्ही त्याच्याकडे मागू शकता, आणि तोवर वर्षच काढून टाका असं म्हणू शकता. चूक ठेवण्यापेक्षा जागा रिकामी ठेवणं केव्हाही बरं, आणि यावर सहसा पटकन एकमत होतं.

संदर्भ असेल तर तो कुठला, किती सालचा, आणि विकिपीडियावर ते वर्ष त्याआधीच आलेलं नव्हतं ना, हे इतिहासात तपासा.

मग लेखाच्या चर्चा पानावर लिहा. नातू आहात हे पहिल्याच वाक्यात सांगा. लपवलंत आणि नंतर कळलं तर सगळं म्हणणंच संशयास्पद होतं. सांगितलंत तर लोक उलट मदतीला येतात. घरातला जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला स्कॅन करून टाकू नका, तो चालणार नाही: तो प्रसिद्ध झालेला दस्तऐवज नाही आणि दुसऱ्या कुणाला स्वतंत्रपणे पडताळता येत नाही. शोधायचं ते छापील. निधनानंतरचा मृत्युलेख, एखादा गौरवग्रंथ, जन्मशताब्दीची स्मरणिका, चरित्रकोशातली नोंद. ऑनलाइन नसलं तरी चालतं, हे बऱ्याच संपादकांनाही ठाऊक नसतं. ग्रंथालयात जाऊन बघता येईल इतकं पुरे. दोन छापील स्रोतांत दोन वर्षं सापडली तर लेखात दोन्ही येतील, आपापल्या संदर्भासह, आणि त्यावर तुम्हाला समाधान मानावं लागेल.

काहीच हाती लागलं नाही तर रॉथ यांचा मार्ग आहे: आजोबांवर एखाद्या नियतकालिकात लेख लिहा, संपादकांना दाखला दाखवा, आणि छापून आला की त्याचा संदर्भ चर्चा पानावर ठेवा. लेखात स्वतः घालू नका, दुसऱ्या कुणाला घालू द्या. नियतकालिकाचं नाव, महिना आणि वर्ष लिहा, आणि पान क्रमांक विसरू नका. तो नसला की माझ्यासारखा कुणीतरी येऊन पुन्हा विचारतोच.